उकळता रस निववावा कसा?

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले, की नळदुर्ग मागे पडल्यावर आणि उमरग्याच्या अलीकडे जळकोट लागते. लातूर जिल्ह्यात जळकोट नावाचे तालुक्याचे एक गाव आहे, ते निराळे. हे जळकोट धाराशिव जिल्ह्यातले, तुळजापूर तालुक्यातले. उन्हाळ्यात इकडे पारा चाळिसाच्या वर जातो, वारा कोरडा वाहतो आणि दुपारी पत्र्याच्या घरात बसवत नाही. गार पाण्याची किंमत येथल्या माणसाला कोणी सांगायला नको.

काही वर्षांमागे अशाच एका मे महिन्यात मी तेथे एका स्नेह्यांच्या घरी लग्नाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशीच्या मठ्ठ्यासाठी दही लावायचे होते. संध्याकाळी चाळीसेक लिटर दूध एका मोठ्या पातेल्यात चांगले उकळले, धूळ पडू नये म्हणून त्यावर परात घातली आणि परातीवर गोणपाट. निवले की विरजण लावायचे, असा बेत. रात्री अकराला पाहावे तो दूध चटका देण्याइतके गरम. दमलेली मंडळी तशीच झोपली. पहाटे झाकण काढले, तो दूध नासलेले! घरची आजी काठी टेकत आली, पातेल्याला हात लावून पाहिला आणि नातवाला म्हणाली,

“आरं, झाकून ठिवलंस व्हय?”

“व्हय आजी, धूळ पडंल म्हणून.”

“मग परातीत पानी घालून त्यात ठिवायचं होतंस की! आन् हलवत बसायचं.”

वाचकहो, आजीच्या या दोन वाक्यांत एक मोठी विद्या आहे. बाहेरून गार पाणी लावावे आणि आतून रस हलता ठेवावा. उकळलेला पदार्थ लवकर कसा निववावा, या प्रश्नावर जगात गेल्या चारपाचशे वर्षांत ज्या युक्त्या झाल्या, त्यातल्या बहुतेक या दोन वाक्यांच्या पोटात बसतात. त्या युक्त्यांचीच हकिकत आज सांगायची आहे. आणि ती सांगताना एक जमाखर्चही मांडायचा आहे, तो पाण्याचा. कारण आपल्या भागात थंडावा आणि पाणी यांचा हिशेब वेगवेगळा ठेवता येत नाही.

आता, या प्रश्नाचा सर्वांत कसून पाठपुरावा कोणी केला असेल? तर तो केला युरोपातल्या बिअर करणाऱ्यांनी. हे ऐकून शिक्षकबंधूंनी भुवया उंचावू नयेत. आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, आणि दारूने घरे कशी बसतात हे खेड्यातल्या माणसाने डोळ्यांनी पाहिलेले असते. मला येथे कोणाला बिअर करायला शिकवायचे नाही. पण दूध थंड करणाऱ्या केंद्रातले यंत्र समजून घ्यायचे, तर बिअरवाल्यांच्या भट्टीवरून जावे लागते. त्याला इलाज नाही.

बिअरचा रस म्हणजे काय ते आधी पाहू. सातू भिजवून त्याला मोड आणतात, ते वाळवून भरडतात. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो, तोच प्रकार. हे भरड सुमारे पासष्ट अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर मुरू दिले, म्हणजे धान्यातल्या पिठूळ भागाची साखर होते. तो गोड रस गाळून घेतात. इंग्रजीत त्याला वर्ट म्हणतात. मग त्यात हॉप नावाच्या वेलीची कडसर फुले टाकून तो तास-दीड तास खळखळा उकळतात. येथवर सगळे सोपे. खरी कसोटी पुढे आहे. हा रस आंबवायचा तर त्यात यीस्ट, म्हणजे किण्व, घालावे लागते, आणि ते उकळत्या रसात घातले तर मरून जाते. ज्या गृहिणीने कधी घाईने कडकडीत दुधात विरजण लावले असेल, तिला हे ठाऊक आहे. म्हणून रस वीस अंशांपर्यंत उतरवायचा, आणि काही जातींच्या बिअरसाठी तर दहा अंशांपर्यंत.

बरे, हळूहळू निवू दिला तर? तर लग्नातल्या दुधाचे झाले तेच होते. उकळीने बहुतेक जंतू मरतात, पण काहींची बीजे तग धरून राहतात, आणि हवेतून नवेही येऊन पडतात. साठ अंशांपासून खाली वीस-पंचवीस अंशांपर्यंतचा जो टप्पा आहे, तो त्यांना फार मानवतो. रस त्या टप्प्यात जितका वेळ रेंगाळेल तितका धोका. शिवाय झाकलेला गरम रस बराच वेळ तसाच राहिला, तर त्यात शिजलेल्या कोबीसारखा वास भरतो. आणि झटकन थंड केला, तर त्यातला चोथट भाग गोळा होऊन तळाशी बसतो आणि रस निवळ होतो. एवढी कारणे असल्यावर बिअरवाला घाई करील नाही तर काय!

पण जुन्या काळी घाई करण्याचे साधन काय होते? एक मोठी, पसरट, उथळ कढई. आपल्याकडे गुऱ्हाळात काहिलीतला पाक वाफ्यात ओततात ना, तशी ती असे. रस वीतभर खोलीचा राहील असा पसरायचा, खिडक्या उघड्या टाकायच्या आणि रात्रभर वाऱ्यावर निववायचा. पसरल्याने रसाचे तोंड मोठे होते आणि उष्णता लवकर निघून जाते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. पण उघड्या तोंडातून जंतूही येत. हिवाळ्यात हे निभे, उन्हाळ्यात रस हमखास बिघडे. इतका, की जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताच्या ड्यूकने १५५३ मध्ये फर्मानच काढले, की २९ सप्टेंबरपासून २३ एप्रिलपर्यंतच बिअर करावी, उन्हाळ्यात भट्टी बंद. ऋतूने घातलेल्या बंधनावर ड्यूकने शिक्का मारला, असे म्हणाना.

हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांची तर फारच पंचाईत झाली. त्यांची बिअर पिंपांत भरून, आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन् महिने जहाजाने यायची. येथेच का करीत नव्हते? कारण येथे निववता येत नव्हती. तेव्हा १८५० नंतरच्या काही वर्षांत एडवर्ड डायर नावाच्या गृहस्थाने भट्टी घातली ती मुंबईला नाही, मद्रासला नाही; हिमालयाच्या पायथ्यावरच्या डोंगरात, कसौलीला, सुमारे अठराशे मीटर उंचीवर. पुढे ती झऱ्याच्या पाण्यासाठी जवळच्या सोलनला गेली. १८६० मध्ये मरीच्या डोंगरात दुसरी निघाली. तो भाग आज पाकिस्तानात आहे. जालियनवाला बागेत ज्याने गोळ्या घालण्याचा हुकूम दिला तो जनरल डायर या एडवर्ड डायरचाच मुलगा. हे जाता जाता सांगितले. आपल्या गोष्टीतला मुद्दा एवढाच, की त्या काळी थंडावा डोंगरावर राहत होता आणि ज्याला तो हवा त्याला डोंगर चढून जावे लागे.

मग मैदानातल्या माणसाने काय केले? त्याने थंडावा खाली आणण्याच्या युक्त्या काढल्या, आणि त्या फार जुन्या आहेत. जळकोटच्या माणसाने लांब जायला नको, नळदुर्गच्या किल्ल्यापर्यंत गेले तरी पुरे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, किल्ल्याला वेढा देणाऱ्या बोरी नदीवर दगडी धरण बांधले आणि त्या धरणाच्या भिंतीच्या पोटात दालने काढली. तोच पाणीमहाल. नदीला पूर आला की पाणी नर आणि मादी या दोन धबधब्यांनी खाली कोसळते आणि महालाच्या झरोक्यापुढे पाण्याचा पडदा धरला जातो. हे बहुतेकांनी पाहिलेले असते. पण कधी त्या दालनात उभे राहून दगडाला तळहात लावून पाहा. मागे तुंबलेले पाणी, मध्ये जाड भिंत, पुढे ओला वारा. तेथली उष्णता दोन्ही बाजूंनी पाणी नेत असते. खोली गार झाली म्हणजे तिच्यात गारवा शिरला असे आपण बोलतो. पण खरे पाहता तिच्यातली उष्णता बाहेर गेलेली असते. मुलांना ही एवढी गोष्ट पटली, तर पुढचे सगळे आपोआप समजते.

याच काळाच्या थोडे आधी उत्तरेत अकबराच्या दरबारी पाणी गार करण्याची जी रीत होती, ती अबुल फजलने ऐन-इ-अकबरीत मापासकट नोंदवून ठेवली आहे. शेरभर पाणी धातूच्या सुरईत भरायचे आणि तोंड बंद करायचे. मोठ्या भांड्यात पाच शेर पाणी घेऊन त्यात अडीच शेर सोरा टाकायचा आणि त्या पाण्यात सुरई पाव तास फिरवत राहायची. सोरा पाण्यात विरघळताना उष्णता ओढून घेतो, म्हणून बाहेरचे पाणी थंडगार होते आणि सुरईतलेही. यात दोन बारकावे आहेत. सुरई मातीची नाही, धातूची. कारण धातूतून उष्णता लवकर पार होते. आणि ती नुसती ठेवायची नाही, फिरवायची. आमच्या जळकोटच्या आजीने हेच सांगितले होते!

कनोजचे अत्तरवाले आजही फुलांची वाफ तांब्याच्या भांड्यात घेतात आणि ते भांडे पाण्याच्या टाक्यात बुडवून ठेवतात. टाक्यातले पाणी कोमट झाले की काढून नवे घालावे लागते. हकिमांचे अर्क असेच निघत. म्हणजे उष्णता नेणारे पाणी एकदा उष्णतेने भरले, की त्याच्याकडून पुढे काम होत नाही. ते वाहते तरी हवे, नाही तर बदलते तरी हवे.

बर्फाचीही एक मौज सांगतो. गंगेच्या काठी अलाहाबादसारख्या ठिकाणी हिवाळ्याच्या निरभ्र रात्री उथळ मातीच्या खापऱ्यांत पाणी भरून, त्या कडब्याच्या थरावर मांडून बर्फ धरीत. हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसतानाही पाण्यावर पापुद्रा धरे. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याचे वर्णन पाठवले. पुढे १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून टस्कनी नावाचे जहाज तळ्यातला बर्फ भरून कलकत्त्याला आले. निघताना १८० टन होता, पोचेपर्यंत सुमारे १०० टन उरला. अर्ध्या जगाचा प्रवास, तोही दोनदा विषुववृत्त ओलांडून, आणि तरी निम्म्याहून अधिक बर्फ शाबूत! लाकडाच्या भुशाने आणि फळ्यांनी केलेली ही करामत. पुढे मुंबईतही अशा बर्फासाठी बर्फघर बांधले गेले. अर्थात हा थंडावा साहेबांच्या आणि शेठजींच्या टेबलापुरता होता. नळदुर्गच्या वाटेवरच्या माणसाचा आधार म्हणजे रांजण आणि माठ.

आता पुन्हा बिअरच्या भट्टीकडे वळू. कारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तेथे गोष्टी भराभर घडू लागल्या. बोदेलो नावाच्या फ्रेंच माणसाने आडव्या तांब्याच्या नळ्या एकीखाली एक अशा शिडीसारख्या बसवल्या. नळ्यांच्या आतून गार पाणी वर चढत जायचे, आणि बाहेरून गरम रस पातळ पदर धरून वरून खाली ओघळायचा. रात्रभराचे काम काही मिनिटांत! शिवाय रस ज्या दिशेने जातो त्याच्या उलट दिशेने पाणी. ही उलटी चाल फार महत्त्वाची आहे. रस तळाशी बराचसा निवलेला असतो, तेथे त्याला अगदी ताजे गार पाणी भेटते; आणि पाणी वर जाताजाता तापत असले, तरी वर त्याच्याहूनही गरम रस भेटतो. त्यामुळे वरपासून खालपर्यंत पाण्याला उष्णता घ्यायला वाव राहतो.

फ्रान्स आणि प्रशिया यांच्यातल्या १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्स हरला, तेव्हा लुई पाश्चरने, जर्मनांच्या तोडीची बिअर फ्रान्सने करावी या ईर्षेने, बिअरचा अभ्यास हाती घेतला. १८७६ मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. रस बिघडतो तो परक्या जंतूंमुळे, हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले आणि रस बंद भांड्यात, शुद्ध हवेत निववावा असे सांगितले. त्याच सुमारास म्यूनिकच्या श्पाटेन कारखान्याचे मालक झेडलमायर यांनी कार्ल लिंडे या प्राध्यापकाला थंडी करणारे यंत्र बांधायला मदत केली. १८७३ मध्ये त्याची तेथे चाचणी झाली. तुमच्या घरातला फ्रिज या यंत्राचा वंशज आहे. आता डोंगर चढण्याची गरज उरली नाही, आणि उन्हाळ्यात भट्टी बंद ठेवण्याचीही.

यापुढचे पाऊल दुधाच्या धंद्यातून पडले. १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड सेलिग्मन यांनी नळ्याच काढून टाकल्या. धातूचे पातळ, नाळीदार पत्रे पुस्तकाच्या पानांसारखे एकापुढे एक दाबून बसवले. एका फटीतून दूध, पुढच्या फटीतून पाणी, त्याच्या पुढच्या फटीतून पुन्हा दूध. आणि चाल उलटी. हातभर लांबीच्या यंत्रात एका लहानशा अंगणाएवढा पृष्ठभाग मावला. दूधवाल्यांचे हे यंत्र पुढे बिअरवाल्यांनी उचलले. आज मोठ्या डेअरीत जाल तर पोलादी पत्र्यांची ही चवड तुम्हाला दिसेल. तेथे आणखी एक शहाणपण करतात. तापवून निघालेल्या दुधाची उष्णता नुसत्या पाण्याला देऊन वाया घालवीत नाहीत. आत येणाऱ्या थंड दुधाला देतात. एकाचे निवते आणि दुसऱ्याचे तापते, दोन्हीकडचा खर्च वाचतो.

परदेशात घरच्या घरी बिअर करण्याला मोकळीक मिळाली ती अलीकडे. इंग्लंडात १९६३ मध्ये त्यासाठीचा परवाना रद्द झाला, आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने तशी मुभा दिली. या हौशी लोकांना पोलादी पत्र्यांची चवड परवडण्यासारखी नव्हती. त्यांनी तांब्याच्या नळीचे वेटोळे केले. करंगळीएवढ्या जाडीची दहा ते पंधरा मीटर मऊ नळी घ्यायची, चिमटू नये म्हणून तिच्यात बारीक वाळू भरायची, गोल डब्याभोवती ती गुंडाळायची, मग वाळू काढून आतून स्वच्छ धुवायची. दोन्ही टोके वर काढून त्यांना रबरी नळ्या जोडायच्या, एक नळाला आणि दुसरी बादलीत. रसाला उकळी असतानाच शेवटची दहा-पंधरा मिनिटे वेटोळे त्यात सोडायचे, म्हणजे ते निर्जंतुक होते. मग जाळ बंद करून पाणी सोडायचे आणि रस हलवत राहायचे. वीस लिटरचे भांडे जे एरवी निवायला कित्येक तास घेईल, ते गार पाणी असेल तर अर्ध्या तासात उतरते. सुरुवातीला बाहेर पडणारे पाणी मात्र जवळजवळ उकळते असते. नळी सुटली तर पाय भाजेल, म्हणून तिचे टोक बांधून ठेवतात.

तांबेच का? कारण आपल्या नेहमीच्या स्टेनलेस पोलादापेक्षा तांब्यातून उष्णता वीसपंचवीस पट सहज जाते. मात्र हे वेटोळे दुधात बुडवू नका. तांब्याचा अंश दुधात उतरला की त्याला वाईट चव येते. म्हणून तर आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई लावीत. दुधासाठी वेटोळे हवेच असेल तर ते स्टेनलेसचे घ्यावे. अंमळ हळू चालेल, पण दूध राहील.

आता तो पाण्याचा जमाखर्च. शाळेतल्या फळ्यावर मांडता येईल असा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने उतरवायचे तर एक किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. रसही ढोबळमानाने तसाच धरू. वीस लिटर रस शंभर अंशांवरून वीस अंशांवर आणायचा, म्हणजे ऐंशी अंश. वीस गुणिले ऐंशी, सोळाशे किलोकॅलरी काढायच्या. वेटोळ्यातून पाणी सोडले तर रसाच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहून अधिक पाणी जाते. म्हणजे वीस लिटरसाठी साठ-ऐंशी लिटर. आणि मे महिन्यात आपल्या टाकीतले पाणी स्वतःच तीस अंशांवर असेल, तर कितीही पाणी सोडा, रस तिसाखाली उतरणार नाही! थंड देशातल्या पुस्तकातली कृती येथे अडते ती नेमकी या ठिकाणी. इकडे काम दोन टप्प्यांत करावे लागते. आधी साध्या पाण्याने चाळीस अंशांपर्यंत यायचे, मग बर्फाने. चाळिसावरून वीसपर्यंतच्या चारशे किलोकॅलरी राहिल्या. एक किलो बर्फ वितळून त्याचे पाणी वीस अंशांवर येईपर्यंत शंभर किलोकॅलरी घेते. म्हणजे चार किलो बर्फ लागला, थोडा वाया जाईल तो वेगळा.

माठाचा हिशेब मात्र अजब आहे. पाणी नुसते तापले तर लिटरमागे फार तर साठ-सत्तर किलोकॅलरी नेते, पण तेच वाफ होऊन उडाले तर सुमारे ५८० नेते! सोळाशे किलोकॅलरी उडत्या पाण्याने न्यायच्या ठरवल्या, तर जेमतेम पावणेतीन लिटर पाणी पुरेल. कोठे साठ-ऐंशी लिटर आणि कोठे पावणेतीन! आणि कोरड्या हवेत माठातले पाणी टाकीतल्या पाण्याच्याही खाली उतरते. मुंबईच्या दमट हवेत ही जादू चालत नाही, जळकोटच्या मे महिन्यात चालते. आपल्या उन्हाळ्याचा हा एक गुण मानायला हवा. अर्थात या रीतीला वेळ लागतो. मोठे पातेले नुसत्या ओल्या फडक्याने झटपट निवेल अशी आशा धरू नये. आधी पाण्याच्या परातीत, मग ओल्या फडक्यात, असा मेळ घातला तर साधते.

हा जमाखर्च मराठवाड्यात केवळ फळ्यावरचा नाही. यंत्राची थंडी आल्यापासून बिअरला डोंगर लागत नाही, आणि छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज परिसरात, या तापलेल्या पठारावर, बिअरचे मोठे कारखाने उभे राहिले. आधुनिक कारखान्यात एक लिटर बिअरमागे साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागते. त्यातले काही बिअरमध्ये जाते, बरेचसे धुण्याला आणि निववण्याला. २०१६ च्या दुष्काळात एप्रिल महिन्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य-कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश दिला. त्या वेळी धाराशिवच्या खेड्यांतून टँकरपुढे घागरींच्या रांगा होत्या. कारखान्यात कामाला जाणारेही याच मराठवाड्यातले, हे मी विसरत नाही. पण घागरीच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईला पहिले पाणी मिळाले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. कारखानदारांना एक गोष्ट मात्र करता येते, आणि जे चांगले आहेत ते करतात. रस निववून तापलेले पाणी सोडून न देता ते पुढच्या घाण्याचे भरड मुरवायला वापरायचे. तेथे नाही तरी गरम पाणीच लागते. घरात वेटोळे वापरणारानेही बादलीतले गरम पाणी भांडी घासायला घेतले, तर हिशेब पुष्कळ हलका होतो.

दुष्काळी मुलखाने थंडीवाचून दूध टिकवण्याची आपली अशी एक वाटही काढली आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या भूम तालुक्याचा खवा दूरवर जातो. दूध निववून टिकवता येत नाही, तर मग त्यातले पाणीच आटवून टाका! पाण्याचा अंश कमी झाला की जंतूंचेही फावत नाही. उष्णता काढण्याऐवजी उष्णता घालून साधलेला हा उपाय आहे. खव्याचा व्यवसाय येथे रुजला त्यामागे हेच मोठे कारण असावे, असे मला वाटते. त्याला सरपण मात्र फार लागते. पाण्याच्या जमाखर्चाच्या जागी लाकडाचा येतो.

शिक्षकबंधूंना एक प्रयोग सुचवतो. त्याला खर्च काहीच नाही. सारखे तीन तांबे घ्या, तिन्हीत सारखेच कढत पाणी ओता. कढत पाणी ओतण्याचे काम मुलांकडे देऊ नका. एक तांब्या नुसता बाकावर ठेवा, दुसरा परातीतल्या पाण्यात, तिसऱ्याला ओले फडके गुंडाळून खिडकीच्या वाऱ्यात. प्रयोगशाळेतला तापमापक दर पाच मिनिटांनी तिन्हीत बुडवून मुलांना आकडे लिहायला सांगा. परातीतला तांब्या सुरुवातीला भराभर उतरेल आणि मग परातीतल्या पाण्यापाशी येऊन अडेल. फडक्यातला मागून येईल, पण बऱ्याचदा त्याच्याही खाली जाईल. मार्चमध्ये शाळा सुटण्यापूर्वी हा तक्ता करून भिंतीला लावा, आणि पावसाची झड लागलेली असेल अशा ऑगस्टच्या एखाद्या दिवशी पुन्हा करा. तेव्हा ओल्या फडक्याचा तांब्या मागे पडलेला दिसेल. तो का, हे त्यांचे त्यांनाच शोधू द्या.